रहफसाठी शिफारस

व्यायामाच्या खोलीत सहा खुर्च्या, तीन वॉकर, चार पायऱ्यांचा एक लाकडी जिना, एक स्टॉपवॉच आणि दोन फिजिओथेरपिस्ट होत्या. जूननंतर दोघींपैकी एकच राहणार होती.

फरहाना सौदीतल्या अल-खोबरच्या या खासगी रुग्णालयात चौदा वर्षं काम करत होती. रहफ सौदी, जवळच्याच दम्मामची, विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला, इंटर्नशिपवर आलेली. विभागात मंजूर जागा एक. त्या जागेवर जूनपासून सौदी नाव हवं, असं रुग्णालयाने ठरवलं होतं.

"उम्म हाशिर, वेळ तुम्ही घेताय की मी?" रहफने विचारलं. फरहाना हाशिरची आई, म्हणून ती तिला अशीच हाक मारायची.

"तू. केस तुझी आहे."

नूरा खाला, वय शहात्तर, खुर्चीत बसल्या होत्या. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात चौतीस सेकंद लागले होते. हा सहावा आठवडा.

"ही पोरगी मला उंटासारखी पळवते," उठता उठता खाला म्हणाल्या.

"उंटसुद्धा एवढी कुरकुर करत नाहीत, खाला."

खाला हसल्या, चालल्या, वळताना एकदाच अडखळल्या आणि धपकन बसल्या.

"एकवीस," रहफ म्हणाली.

"एकवीस पूर्णांक किती? अर्जात दशांश लागतो."

"एकवीस पूर्णांक चार."

अर्ज शिष्यवृत्तीचा होता. म्हातारपणी माणसांना स्वतःच्या पायांवर हिंडता-फिरता यावं, या कामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना एक संस्था पुढच्या शिक्षणाचा खर्च देत होती. फरहानानेच ती शोधून काढली. इंग्रजीच्या परीक्षेची तारीख तिनेच घेऊन दिली. शिफारसपत्राचे चार खर्डे केले. पहिले तीन तिला कोमट वाटले.

"हाशिर कितवीत आहे?" वही मिटताना रहफने विचारलं.

"नववी संपतेय."

"म्हणजे शाळेची अजून तीन वर्षं."

"तीन."

रहफने मान हलवली आणि वॉकर भिंतीला लावून ठेवले.

घरी तिचा नवरा मोहियुद्दीन पाचवा खर्डा होऊ देणार नव्हता. मोबाईलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं हवीत, असा नियम आला तेव्हा त्याचं काम सुटलं होतं. घरातल्या तिघांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, आता फरहानाच्या नोकरीला बांधलेले होते.

"तू खुळी का काय?" तो म्हणाला. "तुझी जागा घेणार ती, नि तूच तिला शिकवतंस? वर शिफारस पन लिवतंस?"

"पोरगी हुशार हाय."

"माझ्या दुकानातला पोरगा पन हुशार होता. तीन आठवडे शिकवला. चौथ्या आठवड्यात चावी त्याच्या खिशात."

"चहा घेनार?"

"चहाचं काय विचारतंस? हाशिरला ऐन दहावीत उचलून रत्नागिरीला नेऊ काय?"

फरहानाने चहा टाकला. पत्रात 'चांगली' खोडून 'माझ्या चौदा वर्षांतली सर्वांत चांगली' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातल्या विजयने तिला बोलावलं. विजय नाशिकचा. करार, रजा आणि निरोप हे सगळं त्याच्याच टेबलावरून जायचं.

"बसा मॅडम."

"बरी आहे उभी."

"दोन कागद आहेत. आधी कुठला देऊ?"

"वाईट असेल तो."

"तसा नाहीये, म्हणून तर विचारलं." त्याने पहिला कागद पुढे केला. "रहफला शिष्यवृत्ती मिळाली. ग्लासगोला, तीन वर्षं. त्यांची अट अशी, की रुग्णालयाने तिची नोकरी राखून ठेवायची. म्हणून एक जूनला आपण तिला कायम करतोय आणि दोन जूनला अभ्यासरजेवर पाठवतोय."

"मग माझं?"

"सौदी नाव पटावर आलं, आमचं काम झालं. पण ग्लासगोहून काही तिला म्हाताऱ्यांचा हात धरता येणार नाही. इथे कुणीतरी लागणारच." त्याने दुसरा कागद सरकवला. "तुमचा करार. छत्तीस महिने. नशीब काढलंत!"

फरहाना आता बसली. महिन्यांचा आकडा तिने दोनदा वाचला, मग अक्षरी लिहिलेलाही वाचला. मग तिने विजयकडे पेन मागितलं.

मोहियुद्दीनला फोन करून तिने दोन्ही कागद वाचून दाखवले.

"ऐकतास ना?"

"ऐकतो," तो म्हणाला. "येताना सुरमई आन. मोठी आन."

एक जूनला रहफने नूरा खालांना शेवटचं चालवलं. सतरा पूर्णांक आठ. खालांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थंडीच्या देशात नीट जेव असं बजावलं आणि न्यायला आलेल्या आपल्या मुलीचा हात न धरता दारापर्यंत गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. फरहानाने एक खुर्ची सरळ केली, मग दुसरी. तिसरीपाशी ती थांबली.

"रहफ, एक सांगायचं राहिलंय. दम्माममध्येही अशा शिष्यवृत्त्या होत्या. संध्याकाळचे वर्ग. नोकरी इथेच करून, घरी राहून शिकता आलं असतं. सात होत्या. मी तुला फक्त ग्लासगोची दाखवली."

रहफ जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"सात नाही, उम्म हाशिर," ती म्हणाली. "नऊ."