बॉनेटवरचे दोन डेंट

गाडीच्या बॉनेटवर दोन डेंट दिसताच मानसिंगरावांनी शेजारच्या मिश्रावहिनींना फाटकाशी उभं करून सुनावलं. ज्यांच्या सात पिढ्यांत गाडी नव्हती, तेच दुसऱ्याच्या गाडीवर पापड वाळत घालतात म्हणे. शांताताई आतून ऐकत होत्या. सरदारकी नवऱ्याच्या पणजोबांबरोबरच गेली होती, तोरा तेवढा घरात उरला होता.

रंगाला हात न लावता डेंट काढणारा इकबाल फूलबाग भागातून आला. बॉनेट उघडून त्यानं पत्र्याला आतून हात लावून पाहिला. "चोट नहीं है साब, वज़न है. कोई बैठा है इस पे."

"बघा, बाई वर चढून बसली होती," मानसिंगराव शांताताईंकडे बघून गरजले.

कामाआधीचे फोटो पाठवायला इकबालनं त्यांचा व्हॉट्सॲप नंबर घेतला. नंबर टाकताच त्यांचा प्रोफाइलवरचा दसऱ्याचा फोटो समोर आला. डोक्यावर शिंदेशाही पगडी, हातात तलवार, आणि बैठक थेट बॉनेटवर. इकबालनं मोबाइल शांताताईंपुढे धरला.

शांताताई फाटकाशी गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,



"मिश्रा भाभी, अगले दशहरे पे इनके लिए एक कुर्सी दे देंगी क्या?"