उपाध्यक्ष अनुराधाकाकू

अबुधाबीतल्या मुसफ्फाच्या मराठी मंडळाची निवडणूक सुजीत जिंकला. पण हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही असं धरू, कारण तेव्हा खुद्द सुजीतलाही खात्री नव्हती. तीनदा आपटलेला माणूस तो, आणि समोर पुन्हा सूर्यकांतकाका, मंडळाचे कायमचे अध्यक्ष. मंडळात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनंच उभे राहतात, दोघांना मिळून शिक्का एकच. म्हणून सुजीत जोडीदार शोधायला थेट काकांच्याच घरी गेला. काका ऑफिसात होते.

"अनुराधाकाकू, माझ्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभ्या राहाल?"

"ह्यांना विचारलंस?"

"त्यांच्याच विरोधात उभा आहे मी."

"मग नको विचारूस. इतकी वर्षं अध्यक्ष हे, आणि अख्ख्या मंडळाचे मोदक वळतेय मी. खलास! लिही माझं नाव."

बातमी फुटली आणि सुजीतचं आडनावही ठाऊक नसलेले लोक त्याला मिठ्या मारू लागले. "हबीबी, तू कोण का असेनास, मत काकूंना!"

निकाल लागला. एका मतानं सुजीत! लोकांनी काकूंना खुर्चीसकट उचललं, आणि नवे अध्यक्ष त्या खुर्चीचा एक पाय धरून नाचले. तेवढ्यात काकांच्या मिहिकानं बापाचा चेहरा पाहिला.

"ओह माय गॉड डॅड, यू व्होटेड फॉर मॉम?"

काकांनी घसा खाकरून माईक घेतला.

"निवडणूक अधिकारी महोदय, शिक्का मारतेवेळी मी उमेदवार नसून पती होतो. तरी माझे मत मला परत मिळावे, ही नम्र विनंती."