दोन सूत जागा

पहिल्या मेसेजच्या शेवटी शमुवेलने 'आपला नम्र' असं लिहिलं, तेव्हा साराने नवऱ्याच्या हातातून फोनच काढून घेतला. एकोणीस वर्षांचा पोरगा असं लिहीत नाही, ती म्हणाली. तिने ते खोडलं, 'भाऊ, मदत पाहिजे' एवढं ठेवलं आणि पाठवून दिलं.

पोरगा म्हणजे देवळाली प्रवऱ्याचा अमृत, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. असा कोणी अमृत नव्हता. नागापूरच्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढलेला शमुवेल मात्र होता, आणि त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडायचा होता. ज्याच्याकडे मदत मागितली, तो त्याचाच मुलगा सॅम.

तीन वर्षांपूर्वी सॅम डिप्लोमाला नापास झाला, त्या दिवशी शमुवेलने त्याचा गेमचा कॉम्प्युटर गॅलरीतून खाली टाकला. सॅम त्याच आठवड्यात पुण्याला गेला. आईला फोन करायचा, बापाचा घ्यायचा नाही. नाताळलाही घरी आला नाही. मग साराच्या कानावर आलं, की तो मोबाईलवरच्या एका ग्रुपवर नवख्यांना कॉम्प्युटरचे पार्ट निवडून देतो, फुकट आणि कोणालाही. शमुवेलने ठरवलं, नवा नंबर घेऊन आपणही कोणीतरी व्हायचं. सॅमला कळलं तर ही वाटही बंद होईल, असं साराने त्याला बजावलं होतं.

यादी करायला तीन आठवडे लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांच्याबद्दल वाचत बसे. कामाला लागला की अर्धवट सोडायचं नाही, हा त्याचा जुना हट्ट. यादी इतकी चोख झाली की तिथंच घात झाला.

"यादी बरोबर हाय. घेऊन टाक," सॅमचं उत्तर आलं.

झालं. तीन वर्षांनी मुलगा बोलला आणि एका ओळीत संपलंही. शमुवेलला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुन्हा लिहायचं तर काहीतरी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शहरात कॉम्प्युटरचे पार्ट विकणाऱ्या कानिफनाथच्या दुकानात गेला. ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेट समोर ठेवायला लावलं आणि खिशातल्या पट्टीने कारखान्यातल्यासारखं इंच-सुतात मापलं. मग लेथवर जॉब लावण्याआधी, कधी घरी बसूनही, काढतो तशी कागदावर पेन्सिलीने आकृती काढली, बाण दाखवले, आकडे घातले. फोटोखाली त्याने लिहिलं, "भाऊ, कार्ड बसतंय, पन दोन सूतच जागा राहती. चालंल का?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता संपलं, असं सारालाही वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सॅमचा मेसेज आला.

"थांब. काहीच घेऊ नको. सगळं परत बघू."

मग सॅमने कॅबिनेट बदलायला लावलं. कॅबिनेट बदललं म्हणून पंखे बदलले. आठ दिवसांनी त्याला पॉवर सप्लाय पसंत पडेना, त्यानंतर मदरबोर्ड. शमुवेल प्रत्येक वेळी नव्याने वाचायचा, नव्याने दुकानात जायचा. शेवटी कानिफनाथ वैतागला. दोन्ही पार्टांत काडीचा फरक नाही, हा कोण शहाणा भेटलाय तुम्हाला, असं त्याने विचारलं.

"तो म्हनतोय ना, मग तेच द्या," शमुवेल म्हणाला.

मधूनमधून सॅम इकडचं तिकडचं विचारी. जेवलास का, तिकडं थंडी पडली का, पाठ दुखेपर्यंत बसतोस का. पोरगा एकटा पडलाय, शमुवेलला वाटे, नाहीतर परक्याला कशाला विचारील? त्याला बरंही वाटायचं आणि अमृतचा हेवाही वाटायचा.

एकदा सॅमने विचारलं, घरी गेम खेळलेलं चालतं का.

"वडलांनी रागात भावाचा कॉम्प्युटर फोडला हुता," त्याने लिहिलं. "आता त्यांना लई पस्तावा हाय."

"मग त्यांनी भावाला सांगितलं का?"

"तो फोन घेत न्हाई."

चार दिवस सॅमकडून काही आलं नाही. पाचव्या दिवशी आलं, "रॅम बदल." शमुवेलने यादीतली रॅम बदलली.

डिसेंबरात एकदाचं सॅमने घे म्हटलं. रविवारी चर्चहून आल्यावर शमुवेल जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरून बसला. लोखंडाची सवय असलेल्या हातांना ते तिळाएवढे स्क्रू सापडेनात. प्रोसेसर बसवताना त्याला घाम फुटला. सारा फोटो काढायला आली की तो पटकन हात मागे घेई. ते हात एकोणीस वर्षांच्या पोराचे वाटले नसते. एक वायर उलटी लागली, ती त्याने शोधून काढली. तीन तासांनी बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन उजळली.

शमुवेल मोठ्याने हसला. मग खुर्चीत बसून राहिला. कॉम्प्युटर झाला होता, म्हणजे अमृतचं कामही झालं होतं.

"चालू झाला भाऊ. थँक्यू," त्याने लिहिलं. सारा शेजारी येऊन उभी राहिली. पलीकडे सॅम काहीतरी लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. मग मेसेज आला.

"जे जे बदलायला लावलं, त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं, पप्पा. पण बरोबर हाय म्हणलो असतो, तर तुमी लिहायचं बंद केलं असतं."