दुधावरची चंद्री

२०२३ साली फोनवर आमचा एक गट होता, 'उगाच काहीतरी'. शब्दकोडी सोडवताना ओळख झालेले आम्ही चौघे, एकमेकांना कधी न भेटलेले. रोज स्वतःबद्दल काहीतरी खरं, पण बिनकामाचं सांगायचं, एवढाच नियम.

अभयराव आंघोळ करताना पाढे म्हणत. रतनताई पावाच्या फक्त कडा खात. नम्रता फारसं लिहायची नाही.

एका सकाळी तिने लिहिलं, "दुधावरच्या सायीला आम्ही चंद्री म्हणतो."

माझा चहा तसाच राहिला. हा शब्द माझ्या धाकट्या बहिणीने, छबूने केलेला. सहाव्या वर्षी ती तापाने गेली. त्यानंतर आमच्या घरात तो कुणी उच्चारला नव्हता.

मी नम्रताला काहीच विचारलं नाही. विचारलं तर ती लिहायची थांबेल, अशी भीती वाटली.

पुढे स्वारगेटला भेटायचं ठरलं. नम्रताने लिहिलं, "मला एकटीला रस्ता ओलांडू देत नाहीत."

"अहो, स्वारगेटला आम्हाला तरी कोण ओलांडू देतं!" अभयराव म्हणाले.

"अक्काने हात धरला तर येईन."

गटात मला सगळे काकू म्हणत; अक्का म्हणायची ती फक्त छबू. तरी मी लिहिलं, "ये. मी अलीकडेच थांबते."

ठरल्या दिवशी ती दिसली नाही. नंतर तिने कधी लिहिलंही नाही.

अभयराव गेल्या वर्षी वारले. रतनताई लेकीकडे नागपूरला असतात. मी अजून स्वारगेटला जाते. ओलांडताना डावा हात रिकामा ठेवते. रस्ताभर तो घट्ट धरलेला असतो. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला, की सुटतो.