दोघी एकाच डबीत

संग्रहालयातल्या भुंगेरेवाल्या साहेबांनी तरुणपणी एका बिनशिंगी भुंगेऱ्याच्या जातीला आईचं नाव दिलं होतं आणि लग्नानंतर एका शिंगवाल्याला बायकोचं. घरात सासू-सुनेचा छत्तीसचा आकडा, पण कपाटात दोघी वेगवेगळ्या डब्यांत टाचणीनं टोचलेल्या, म्हणून निभावत होतं. यंदा साहेबांनी बरणीत अळ्या वाढवल्या आणि कपाळाला हात लावला. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेचे भुंगेरे निघाले होते!

जेवताना त्यांनी कसंबसं सांगून टाकलं. "जात एकच निघाली. आई, तुझ्या नावाची ती मादी आणि हिच्या नावाचा तो नर. अशा वेळी आधीचं नाव राहतं, नंतरचं खोडावं लागतं."

"म्हणजे इथंही सासूबाईंचंच चालणार," बायको म्हणाली.

आईनं खुशीत आणखी वाढून घेतलं. "मग तो शिंगवाला आता कुठं जाणार?"

"तुझ्याच डबीत. अगदी शेजारी."

आईचा घास हातातच राहिला. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं.

"टाचणी तेवढी घट्ट टोच रे बाबा," आई म्हणाली.

"दोघींनाही," बायकोनं पुस्ती जोडली.