शेवटचे चित्र

सुज्ञ वाचकहो, दोन मित्रांनी एका संगणक-खेळाचा शेवट कसा गाठला, याचे दुःखद कथन येथे सादर करीत आहे.

मिरजेच्या हणमंताने सकाळीच रऊफला संगणकासमोर आणून बसविले. जादूगारांच्या राज्याचा तो जुना खेळ दोषांनी इतका भरलेला होता, की सहा वर्षांत शेवट हाती लागला नव्हता. शेवटचे चित्र पाहायचेच, हा रऊफचा हट्ट; परंतु मधुमेहाने यंदा त्याची दृष्टी समूळ हिरावून नेली. आता हणमंताने पाहून सांगायचे, असे ठरले होते.

"डावीकडच्या पेटीला हात लावू नगंस," रऊफ आठवणीने बजावीत होता. "उघडलीस की खेळ अडकतोय."

"ठावं हाय. तूच धा येळा उघडलीस, हावरटा!"

अखेर दुष्ट राजा कोसळला. संगीत सुरू झाले. मात्र पडदा काळाठिक्कर पडला. हणमंताने साऱ्या कळा दाबून पाहिल्या, तरी चित्र उमटलेच नाही.

"काय दिसतंय रं?" रऊफने आतुरतेने विचारले.

राजवाडा, तोरणे, राज्याभिषेक, सारे हणमंताच्या जिभेवर आले. पण या मित्राशी खोटे बोलणे त्याला साधले नाही.

"काय न्हाई, गड्या. समदा अंधार हाय."

रऊफने चाचपडत हणमंताचा हात धरला.

"बंद करू नगंस. वाजतंय तवर दोघं बसू."

आपण ही कथा शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.
नम्र, दगडू सिद्राम माळगे