स्क्रिप्टची शेवटची ओळ

अपघातात सिद्धोधन गेला आणि त्याचा प्रोग्राम त्याच कंपनीतल्या त्याच्या बहिणीकडे, रोहिणीकडे आला. वालूरच्या घरी बसून ती कोड लिहायच्या एडिटरमधलं बटण दाबायची, पण प्रोग्राम बिल्ड करायची, म्हणजे चालवण्याजोगा तयार करायची, ती भावानं लिहिलेली एडिटरबाहेरची स्क्रिप्ट, आज्ञांची एक फाइल. वीस मिनिटं लागायची. पूर्वी बाबा त्याच्यासाठी ताट वाढून ताटकळायचे, म्हणून त्यानं स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घातली होती: ‘झालं बाबा, येतो जेवायला.’ अजूनही बाबा रोज दुपारी ती ओळ स्क्रीनवर वाचूनच घास घ्यायचे. आज कंपनीचा निरोप आला: बाहेरची स्क्रिप्ट काढा, एडिटरच बिल्ड करेल. रोहिणीनं ती काढली, बटण दाबलं. दोन मिनिटांत काम संपलं. ओळ आली नाही. बाबा ताट घेऊन आले. “झालं का गं त्याचं?” “न्हाई बाबा, चालूच हाय अजून.” “थांबतो मग,” म्हणत त्यांनी भाकरीवर ताटली पालथी घातली.